लिनक्सवर व्हायरस येतो का, आणि ईमेल का उघडत नाही?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घराघरांतल्या धडधाकट लॅपटॉपचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम चिप किंवा नवा प्रोसेसर त्यांच्यात नाही, आणि चालतं मशीन भंगारात द्यायला मन होत नाही. म्हणून बऱ्याच जणांनी त्यावर लिनक्स मिंट, उबुंटू किंवा झोरिन बसवून घेतलं. निर्णय चांगलाच आहे. घोटाळा होतो तो ‘याला व्हायरस लागतच नाही’ या भरवशामुळे. ते ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि एखाद्या दिवशी ईमेलने ‘पासवर्ड चुकीचा आहे’ म्हटलं की तितकाच घाबरतो. शिरला की काय व्हायरस?

उत्तर आधीच सांगून टाकतो. लिनक्सवर व्हायरस येऊ शकतो. मात्र घरच्या वापरातल्या, वेळच्या वेळी अपडेट होणाऱ्या लिनक्सवर तो येण्याची शक्यता कमी असते. ईमेल उघडत नसेल तर त्याचं कारण व्हायरस असण्याची शक्यता त्याहूनही कमी. पण ईमेलचा पासवर्ड चोरीला जायला संगणकात व्हायरस असावाच लागतो असं नाही, आणि तिथे लिनक्स तुम्हाला वाचवू शकत नाही. हा मुद्दा फार कमी लोकांना कोणी समजावून सांगतं.

लिनक्सवर हल्ले कुठे होतात

लिनक्ससाठी लिहिलेला पहिला ज्ञात व्हायरस १९९६ चा, स्टाओग नावाचा. पाठोपाठ १९९७ मध्ये ब्लिस आला. दोघांनीही फारसं नुकसान केलं नाही. पुढे हल्लेखोरांचा मोर्चा वळला तो सर्व्हरकडे, कारण जगातल्या वेबसाइटचा मोठा भाग लिनक्सवर चालतो आणि पैसा तिथे आहे. २०१७ साली दक्षिण कोरियातल्या नायाना या वेब-होस्टिंग कंपनीचे १५३ लिनक्स सर्व्हर एरेबस या खंडणीखोर मालवेअरने कुलूपबंद केले. कंपनीला सुमारे दहा लाख डॉलर मोजावे लागले. थोडक्यात, ‘लिनक्स अभेद्य आहे’ हे म्हणणं तेव्हाही खरं नव्हतं, आजही नाही.

घराशी थेट संबंध असलेलं उदाहरण मिराईचं. २०१६ मध्ये या मालवेअरने वायफाय राउटर, सीसीटीव्ही कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. या वस्तूंच्या पोटात छोटं लिनक्सच असतं. मिराईची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येताना ठेवलेली ‘ॲडमिन-ॲडमिन’ छापाची साठेक यूझरनेम आणि पासवर्ड ते आळीपाळीने लावून बघत असे, आणि लोकांनी ते बदललेलेच नसल्यामुळे दार उघडत असे. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशा वस्तूंच्या फौजेने डिन या डीएनएस कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. म्हणून लॅपटॉपवर कुठलं अँटिव्हायरस घालू असं विचारण्याआधी घरातला राउटर उलटा करून बघा. मागच्या स्टिकरवर छापलेला ॲडमिन पासवर्ड आजही तोच असेल तर तो आधी बदला. कॅमेऱ्याचंही तसंच.

डेस्कटॉप लिनक्स तुलनेने सुरक्षित राहतो त्याची कारणं आहेत. सॉफ्टवेअर वाटेल त्या साइटवरून उतरवायची गरज पडत नाही, वितरकाच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ते येतं आणि त्यावर डिजिटल सही तपासली जाते. उतरवलेली फाइल आपोआप ‘चालवण्याजोगी’ होत नाही, तशी परवानगी द्यावी लागते. आणि यंत्रणेत मोठा बदल करायचा तर ॲडमिनचा पासवर्ड विचारला जातो. ही तटबंदी खरी आहे, पण तिची मर्यादा समजून घ्या. ॲडमिन पासवर्ड यंत्रणेचं रक्षण करतो. तुमचे फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हे सगळं तुमच्याच नावाच्या फोल्डरमध्ये असतं आणि तुम्ही चालवलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमला ते वाचता येतं. चोराला यंत्रणा नकोच असते, त्याला तुमचं फोल्डर पुरतं.

याचं अगदी जवळचं उदाहरण भारतातलंच आहे. सी-डॅकने तयार केलेली बॉस लिनक्स ही प्रणाली सरकारी कार्यालयांत वापरली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी तिच्यावर रोखलेला एक हल्ला उघड केला आणि त्यामागे ‘ट्रान्सपरंट ट्राइब’ ही पाकिस्तानशी जोडली जाणारी टोळी असल्याचं सांगितलं. ईमेलमधून एक झिप फाइल येई. उघडली की आत बैठकीच्या पत्राची पीडीएफ असल्यासारखं दिसे. प्रत्यक्षात ती ‘डॉट डेस्कटॉप’ प्रकारची फाइल असे. लिनक्समध्ये या फाइलचं काम असतं शॉर्टकटचं, म्हणजे तिच्या आत ‘हा आदेश चालव’ असं लिहिलेलं असतं, आणि तिला चित्र कुठलंही लावता येतं. क्लिक केलं की फायरफॉक्समध्ये खरोखरच एक पीडीएफ उघडे, त्यामुळे शंका येत नसे. तोवर मागच्या बाजूला दुसरा प्रोग्रॅम उतरून कामाला लागलेला असे. कुठलंही कुलूप फोडलेलं नव्हतं. क्लिक वापरणाऱ्यानेच केलं होतं.

यातून घ्यायचा धडा सोपा आहे. ईमेलमधून आलेल्या झिपमधली फाइल डबल-क्लिक करू नका. तिच्यावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा आणि प्रकार खरोखर पीडीएफ आहे का ते वाचा. फाइलने ‘विश्वास ठेवून चालवू का?’ असं विचारलं तर थांबा, कारण पीडीएफ असं कधीच विचारत नाही. तसंच इंटरनेटवर कोणीतरी लिहिलेला लांबलचक आदेश टर्मिनलमध्ये जसाच्या तसा चिकटवू नका. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी टर्मिनल उघडा आणि हे पेस्ट करा’ असं सांगणारं पान तर हमखास फसवणुकीचंच समजा.

सॉफ्टवेअर मॅनेजरही डोळे झाकून वापरायची वस्तू नाही. मे २०१८ मध्ये उबुंटूच्या स्नॅप स्टोअरमध्ये एका साध्या खेळात गुपचूप क्रिप्टोकरन्सी काढणारा प्रोग्रॅम दडवलेला सापडला. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या भांडारात नामांकित ब्राउझरच्या नावाशी जुळणारी, पण मालवेअर भरलेली पॅकेजेस आढळली. नाव ओळखीचं वाटलं तरी प्रकाशक कोण आहे ते बघायची सवय लावा.

लिनक्सची मूळ फाइल कुठून घेता हेही महत्त्वाचं. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि त्या दिवशी १७.३ ची सिनॅमन आवृत्ती उतरवणाऱ्यांना बिघडवलेली प्रत मिळत होती. अशी लबाडी पकडायचा मार्ग उपलब्ध असतो. अधिकृत साइटवर प्रत्येक फाइलशेजारी ‘शा-२५६’ नावाची चौसष्ट अक्षरांची ओळ दिलेली असते. उतरवलेल्या फाइलवरून तुमचा संगणकही तशी ओळ काढून देतो. दोन्ही अक्षरशः जुळल्या नाहीत तर ती फाइल पुसून टाका. साइटच ताब्यात गेली असेल तर तिथली ओळही बदलता येते, म्हणून मिंट आणि उबुंटू त्या ओळींवर आपली सहीही देतात. ज्यांना जमेल त्यांनी तीही तपासावी. दुकानदाराने पेन ड्राइव्हवरून बसवून दिलं असेल तर त्याने हे केलं होतं का, असं विचारायला संकोच करू नका.

अँटिव्हायरसबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घरच्या वापरासाठी ते आवश्यक नाही, त्यापेक्षा आठवड्याला अपडेट मॅनेजर उघडणं दहापट मोलाचं आहे. लिनक्ससाठी मोफत मिळणारं क्लॅमएव्ही बऱ्याच अंशी विंडोजचे व्हायरस ओळखतं. झेरॉक्सच्या दुकानात, कार्यालयात किंवा शाळेत पेन ड्राइव्ह फिरत असतील तर ते जरूर ठेवा, म्हणजे तुमच्याकडून दुसऱ्याच्या विंडोजवर रोग जाणार नाही. विंडोजची ‘ईएक्सई’ फाइल लिनक्सवर एरवी चालत नाही, पण वाइन हे सॉफ्टवेअर बसवलं असेल तर चालू शकते आणि तुमच्या फोल्डरपर्यंत पोचू शकते. वाइनची गरज नसेल तर बसवू नका.

एक भीती मात्र आत्ताच मनातून काढा. ब्राउझरमध्ये अचानक लाल पडदा येतो, भोंगा वाजतो, ‘तुमच्या विंडोजमध्ये पाच व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा’ असं लिहिलेलं असतं. तुमच्याकडे विंडोजच नाही. ते फक्त एक वेबपेज आहे. टॅब बंद करा, आणि पुन्हा पुन्हा येत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी काढून घ्या.

ईमेल उघडत नाही तेव्हा

सर्वात आधी एकच गोष्ट करा. तेच खातं मोबाइलवर उघडून बघा. तिथे उघडलं तर खातं शाबूत आहे, अडचण संगणकापुरती आहे. तिथेही उघडलं नाही तर प्रश्न खात्याचा आहे. ही एक चाचणी अर्धा गोंधळ संपवते. पासवर्ड धडाधड बदलत सुटू नका, त्यामुळे गुंता वाढतो.

संगणकापुरती अडचण असेल तर मराठी माणसाच्या बाबतीत मी पहिला संशय कीबोर्डवर घेतो. मराठी टाइप करण्यासाठी इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड चालू केलेला असतो आणि तो तसाच राहतो. पासवर्डच्या चौकटीत तर नुसते ठिपके दिसतात. तुम्ही इंग्रजी अक्षर दाबताय असं तुम्हाला वाटतं, आणि चौकटीत जातंय देवनागरी. उपाय सोपा आहे. पासवर्ड टाकण्याआधी यूझरनेमच्या चौकटीत दोन-तीन अक्षरं लिहून बघा, किंवा डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून काय उमटतंय ते वाचा. कॅप्स लॉकही तेव्हाच दिसतो.

दुसरा संशय घड्याळावर. जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवर एक छोटी गोल बॅटरी असते. ती संपली की बंद-चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग ब्राउझर म्हणतो, ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’, कारण त्याच्या हिशोबाने साइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. ती सूचना बाजूला सारून पुढे जाऊ नका, आधी तारीख बघा. सेटिंगमध्ये वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा आणि बॅटरी बदलून घ्या, ती स्वस्तात मिळते. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे गेलेलं दिसू शकतं. लिनक्स मशीनमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे ठेवतो आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. तो व्हायरस नाही.

थंडरबर्ड या ईमेल ॲपमध्ये मेल वाचणाऱ्यांची अडचण वेगळी, आणि त्यांना तिचा सर्वात जास्त मनस्ताप होतो. पासवर्ड अचूक असतो, वेबसाइटवर चालतो, आणि थंडरबर्ड मात्र तो नाकारत राहतो. कारण कंपन्यांनी नियम बदलले. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बाहेरच्या ॲपमध्ये नुसता पासवर्ड देऊन आत येणं बंद केलं. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. आता ‘ओऑथ२’ ही पद्धत लागते, म्हणजे थंडरबर्डमध्येच गूगलची किंवा मायक्रोसॉफ्टची खिडकी उघडते, तुम्ही तिथे लॉगिन करता आणि पासवर्ड थंडरबर्डजवळ राहत नाही. जुन्या खात्यात हा बदल हाताने करावा लागतो. ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये जाऊन सर्व्हर सेटिंगखाली ‘ऑथेंटिकेशन मेथड’ ओऑथ२ करा. येणाऱ्या मेलचं झालं की बहुतेक जण तिथेच थांबतात आणि मग मेल येते पण जात नाही. जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरलाही तोच बदल हवा. खिडकी कोरी दिसत असेल तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा. पोर्टचे आकडेही ताडून घ्या. येणाऱ्या मेलला ९९३, जाणाऱ्याला ४६५ किंवा ५८७.

काही जुन्या ॲपमध्ये ओऑथ२ नसतंच. तिथे जीमेल आणि याहू ‘ॲप पासवर्ड’ देतात. जीमेलचा सोळा अक्षरांचा असतो आणि तो मिळवायला द्विस्तरीय पडताळणी आधी चालू असावी लागते. तो एकदाच दिसतो, त्या ॲपमध्ये टाकून मोकळे व्हा.

‘हा ब्राउझर सुरक्षित नसू शकतो’ असा निरोप येत असेल तर लिनक्सची आवृत्ती कालबाह्य झाली आहे का ते बघा. उबुंटू १८.०४ चा नियमित सपोर्ट २०२३ मध्ये संपला, २०.०४ चा २०२५ मध्ये. नवी आवृत्ती बसवणं हाच उपाय. आणि लॉगिन होतंय पण नवी मेल येत नाही, असं असेल तर जागा बघा. गूगलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसह मोजली जाते, ती भरली की येणारी मेल परत जाते.

मोबाइलवरही खातं उघडत नसेल तर प्रकरण गंभीर आहे. इथे सर्वात जास्त माणसं अडतात ती जुन्या मोबाइल नंबरमुळे. खातं उघडताना दिलेला नंबर केव्हाच बंद झालेला असतो, आणि बंद नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. ओटीपी तिकडे जातो. मुलांकडे अमेरिकेला किंवा दुबईला गेलेल्या आईवडिलांचंही हेच होतं. भारतीय सिमला रोमिंग नसतं, नव्या देशातून लॉगिन केल्यामुळे गूगल सावध होतं, आणि कोड येत नाही. निघण्यापूर्वी खात्याच्या सुरक्षा विभागातून बॅकअप कोड काढून घ्या. एका वेळी दहा मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर छापून पासपोर्टपासून वेगळ्या जागी ठेवा.

खातं परत मिळवताना जिथून तुम्ही नेहमी लॉगिन करायचात तोच फोन किंवा संगणक, तेच घरचं वायफाय वापरा. नवीन लिनक्स बसवलेलं मशीन गूगलला अनोळखी वाटतं, जुना मोबाइल ओळखीचा. आठवत असलेला शेवटचा पासवर्ड विचारला तर अंदाजाने का होईना, उत्तर द्या. एका मागोमाग एक प्रयत्न करू नका, काही तास जाऊ द्या. आणि ‘जीमेल कस्टमर केअर’ असं शोधून मिळालेल्या नंबरवर कृपया फोन करू नका. मोफत जीमेल खात्यासाठी गूगल असा फोन नंबर देत नाही. पलीकडे बसलेला माणूस तुमच्याकडून ओटीपी काढून घेणारा ठग असतो.

पासवर्ड खरंच चोरीला कसा जातो

तुम्हाला मेल येते, ‘तुमचे खाते आज रात्री बंद होणार, येथे क्लिक करा.’ उघडलेलं पान हुबेहूब जीमेलसारखं असतं. तुम्ही पासवर्ड लिहिता, तो चोराकडे जातो. यात संगणकात काहीही शिरलेलं नाही, म्हणून लिनक्सने काही अडवायचा प्रश्नच येत नाही. बचाव आहे तो पत्ता वाचण्यात. पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या अगदी आधी काय आहे ते बघा. तिथे ‘गूगल डॉट कॉम’ असलं पाहिजे. ‘गूगल डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट इन’ असेल तर मालक अमुकतमुक आहे, गूगल नव्हे. हे रोज डोळ्यांनी तपासणं कठीण वाटत असेल तर बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससीसारखा पासवर्ड मॅनेजर ब्राउझरला जोडून वापरा. दोन्ही लिनक्सवर मोफत मिळतात. पत्ता खोटा असेल तर मॅनेजर पासवर्ड सुचवतच नाही, आणि ती शांतता हाच इशारा समजा.

खात्यात कोणी शिरलं आहे असा संशय आला तर संगणकावर जीमेल उघडून पानाच्या तळाशी उजवीकडे ‘तपशील’ वर क्लिक करा, शेवटची लॉगिनं कुठून झाली ते दिसतं. मग पासवर्ड बदला आणि इतर सर्व उपकरणांवरून साइन-आउट करा. एवढ्यावर थांबू नका. चोर जाताना मागचं दार उघडं ठेवतो. सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ बघा. तुमची प्रत्येक मेल एखाद्या परक्या पत्त्यावर जात असेल, किंवा बँकेच्या मेल थेट कचऱ्यात टाकण्याचा नियम घातलेला असेल. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल तुमचेच आहेत का, अनोळखी ॲपना परवानगी दिलेली आहे का, तुम्ही न बनवलेले ॲप पासवर्ड आहेत का, हे सगळं तपासा. ब्राउझरमधली ओळखीची नसलेली एक्स्टेन्शन काढून टाका, ती लिनक्सवरही तितकीच धोक्याची असतात.

बँक खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र हा क्रम उलटा करा. आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि पासवर्ड त्यानंतर बदला. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता येते ती पहिल्या काही तासांतच.